पूर घरात शिरला तरी कृष्णामाईची ओटी का भरता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. प्रश्न नेहमीचाच आहे. पाहुणे विचारतात, शेजारच्या कॉलेजातल्या मुली विचारतात, भाच्यानं तर भर जेवणात विचारला. सांगलीच्या गावभागात आमचं घर. २००५ साली, २०१९ साली आणि पुन्हा २०२१ साली कृष्णेचं पाणी उंबरा ओलांडून आत आलं. तरी आमच्याकडं एकादशी मोडत नाही, विष्णुसहस्रनाम चुकत नाही आणि पाणी उतरलं की आम्ही घाटावर जाऊन नदीची ओटी भरतो. ‘विष्णू जगाचा पालनकर्ता म्हणता, कृष्णा त्याचंच रूप म्हणता. मग तोच येऊन धान्याची कोठी नासवतो, हे रक्षण कसलं?’

कृष्णा विष्णूचं रूप कशी, ते आधी सांगते. ही कथा महाबळेश्वरची. ब्रह्मदेव यज्ञाला बसले, सावित्रीला यायला उशीर झाला, म्हणून गायत्रीला शेजारी बसवून यज्ञ सुरू केला. सावित्री आली, संतापली आणि तिन्ही देवांना शाप दिला, नद्या होऊन वाहाल. विष्णूची कृष्णा झाली, शंकराची वेण्णा, ब्रह्मदेवाची ककुद्मती, म्हणजे आपली कोयना. वेण्णा साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णेत मिसळते, कोयना कऱ्हाडला. सांगलीच्या घाटाला लागणारं पाणी त्यामुळं तिघांचंही असतं. मला या कथेत सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की विष्णूनं शाप टाळला नाही. एका बाईचा अपमान झाला होता, तिचा शब्द त्यानं अंगावर घेतला आणि तो आजही वाहतो आहे. ज्याला नियम मोडता येतो पण जो मोडत नाही, असा हा देव आहे, हे ध्यानात ठेवल्याशिवाय पुढचं पटायचं नाही.

आता मत्स्यावतार. मुलांना आपण ही गोष्ट भराभर सांगून टाकतो, पण पूर बघितलेल्या माणसानं ती सावकाश ऐकावी. मनूच्या ओंजळीत आलेला मासा त्याला काय सांगतो? प्रलय येणार आहे, नाव तयार ठेव, बी-बियाणं घे, सप्तर्षींना बरोबर घे. मग प्रलय येतोच. देव तो थांबवत नाही. आपल्या शिंगाला नाव बांधून घेतो आणि ती पाण्यातून ओढत राहतो. वेळेवर सूचना, नाव, बियाणं आणि ओढणारा कुणीतरी, एवढं त्या रक्षणात होतं.

आमच्याकडं आयर्विन पुलावर पाण्याची पातळी मोजतात. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये, ऐन नागपंचमीच्या दिवसांत, ती ५७ फुटांच्या वर गेली. त्या वेळी सूचनाही अपुऱ्या पडल्या आणि नावाही. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली नाव उलटली. त्या माणसांसाठी देव का धावला नाही, याचं उत्तर माझ्यापाशी नाही, आणि ज्याच्यापाशी ते तयार असतं त्याच्याशी मी बोलत बसत नाही. मला इतकंच दिसलं, की त्याच दिवसांत कुणाकुणाची पोरं छातीभर पाण्यात उभी राहून म्हाताऱ्यांना खांद्यावरून नेत होती. त्या पोरांच्या तोंडात देवाचं नाव नव्हतं. माझ्या तोंडात होतं, आणि मी ते त्यांच्याकडं बघून घेतलं.

कूर्माचंही तसंच. मंदार पर्वत बुडायला लागला तेव्हा त्यानं पाठ दिली, घुसळण मात्र देवदानवांनाच करावी लागली. आमच्या बहुतेक देवळांत गाभाऱ्यासमोर फरशीत कासव असतं, त्याला हात लावून मग देवाकडं बघायचं. वाईजवळ धोमच्या सिद्धेश्वरापुढचा नंदी तर दगडी कासवाच्या पाठीवरच बसलाय, तो एकदा जाऊन बघा. आणि पूर ओसरल्यावर घरातला गुडघाभर गाळ उपसलेल्या माणसाला वराह वेगळा समजावून द्यावा लागत नाही. पृथ्वी वर काढायची तर देवालाही तोंड चिखलात घालावं लागलं. पहिले तिन्ही अवतार पाण्यातले, हे आम्हा नदीकाठच्या लोकांना फार जवळचं वाटतं.

राम, कृष्ण, परशुराम सगळ्यांना ठाऊक आहेत, त्यांच्याबद्दल मी काय सांगणार? वामनाबद्दल मात्र थोडं सांगते, कारण पाडव्याला आमच्याकडं ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणतात आणि शेतकऱ्याचा जीव बळीराजाकडंच असतो. माझाही असतो. बळीला सुतलात धाडल्यावर विष्णू त्याच्या दारात द्वारपाल होऊन उभा राहिला, हा कथेचा शेवट लोक विसरतात. ज्याचं सर्वस्व घेतलं, त्याच्याच दारी पहारा! हे मला तीन पावलांहून मोठं वाटतं.

भाच्याचा खरा खोचक प्रश्न पुढचा होता. आषाढी एकादशीला देव झोपतो आणि कार्तिकीला उठतो, म्हणजे नेमका पुराच्या महिन्यांत पालनकर्ता निजलेला? २०२१ साली आषाढी होऊन चार दिवस होतात न होतात तोच पाणी गावभागात आलं होतं, तेव्हा त्याचं म्हणणं खोटं कसं म्हणू? पण चातुर्मास कसा पाळतात ते बघा. देव निजला म्हणून घर निजत नाही, उलट सगळे नेम याच चार महिन्यांत धरतात. कुणी एकभुक्त राहतं, कुणी पोथी लावतं, कुणी रोज तुळशीपाशी दिवा लावायचा नेम घेतं. भाद्रपदातल्या एकादशीला देव कूस बदलतो, तिला परिवर्तिनी म्हणतात. लहानपणी आम्ही त्या दिवशी देवघरापाशी हळू बोलायचो. तो निजलाय तोवर त्याचं घर आपण राखायचं, असं आमच्या आईनं शिकवलं आणि मी ते तसंच धरलंय.

आमची रोजची पूजा साधी आहे. देवघरात शाळिग्राम आहे, त्याला तुळस वाहतो, अक्षता वाहत नाही. सहस्रनाम भीष्मांनी युधिष्ठिराला सांगितलं ते शरशय्येवर पडून, अंगात बाण रुतलेले असताना. संकटातून सुटलेल्या माणसाचं ते बोलणं नाही, म्हणून ते माझ्या कामी येतं. पाणी वाढायला लागलं की कागदपत्रांच्या पिशवीबरोबर देवही गाठोड्यात बांधायचे आणि विश्रामबागच्या नातलगांकडं न्यायचे, हा शिरस्ता झालाय. रक्षणकर्त्यालाच हलवावं लागतं, असं म्हणून लोक हसतात. त्यांना मी वाळवा तालुक्यातलं बाहे दाखवते. राम तिथं पूजेला बसलेला असताना कृष्णेला पूर आला आणि मारुतीनं दोन्ही हात पसरून प्रवाह दुभंगला, अशी तिथली कथा. समर्थांच्या अकरा मारुतींतला एक तिथंच आहे. रामालाही राखणारा कुणीतरी लागला होता.

आमचं कुलदैवत कोळे नरसिंहपूरचा नृसिंह. तेही कृष्णाकाठी, वाळव्यातच. वाकून भुयारातून उतरलं की सोळा हातांचा ज्वालानृसिंह समोर येतो. वैशाख शुद्ध चतुर्दशीला त्याची जयंती, दिवसभर उपास आणि दिवेलागणीला जन्म. प्रल्हादाला कड्यावरून लोटलं, विष दिलं, आगीत बसवलं, हे सगळं त्याच्या वाट्याला आलंच. खांब फुटला तो त्यानंतर. आणि हिरण्यकशिपूला उंबऱ्यावर मारल्यावर देवाचा राग काही उतरेना, लक्ष्मीसुद्धा जवळ जाईना, तेव्हा ते पोर पुढं गेलं. वर माग म्हटल्यावर त्यानं मागितलं काय? आधी म्हणाला, मनात मागणंच उरू नये. मग बापाची सुटका मागितली, ज्यानं छळलं त्या बापाची.

मी प्रल्हाद नाही. मला राग येतो, आणि तो देवापाशी बोलायला आमच्याकडं मुभा आहे, जनाबाईनंसुद्धा विठोबाला शिव्या घातल्या आहेत. आमच्या सासूबाई पूर ओसरल्यावर ओटी भरायला गेल्या की पायरीवर उभ्या राहून नदीशी मोठ्यानं भांडायच्या. ‘आलीस ते आलीस बाई, माहेरवाशिणीसारखी राहून जायचं होतंस, पोरांची पुस्तकं कशाला नेलीस?’ बोलून झालं की खण, नारळ, मूठभर तांदूळ पाण्यात सोडायच्या आणि घरी येऊन भिंती धुवायला घ्यायच्या.