आप्पांच्या ग्राफवरचा लूप

१८ जानेवारी, रविवार. रात्रीचे साडेअकरा

गड्ड्यावरून, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेतून, येऊन हातपाय धुतले, तरी होम मैदानाची धूळ अजून घशात आहे. भाच्याला आकाशपाळण्यात बसायचं होतं. खालचे डबे भरेपर्यंत आमचा डबा नेमका टोकाला अडकला. एका अंगाला किल्ल्याचा तट, दुसरीकडे तळ्यात हलणारे सिद्धेश्वराच्या देवळाचे दिवे. मी त्याला ते दाखवत होते, तर हा म्हणतो, "आत्या, इथनं रूळ खाली सोडला तर?"

घराण्याचंच रक्त! त्याच्याएवढी असताना मीही हेच करायचे. आप्पा चादरीची डिझाइनं काढायचे. त्यांच्या ग्राफ पेपरचे उरलेले तुकडे माझे. एकेक चौकट म्हणजे त्यांना एकेक धागा, मला एकेक मीटर. माझ्या पहिल्या रोलर कोस्टरची उंची होती तीनशे मीटर. न्यू जर्सीतली किंगडा का २००५ साली उभी राहिली तेव्हा जगात सगळ्यात उंच, तीही १३९ मीटरच. (तीसुद्धा २०२५ मध्ये पाडली.) चढून बसायचं कसं, कुणाला परवडेल, असले प्रश्न तेव्हा पडत नसत.

घरी आल्यावर भाचा म्हणाला, काढ की आता. बसलो दोघं.

पहिला चढ सगळ्यात उंच का, हे त्याला पगाराच्या हिशेबानं सांगितलं. साखळी गाडीला वर नेऊन सोडते तो पगार. पुढं इंजिन नाही, सगळा महिना त्यातच काढायचा. शिवाय रुळाचं घर्षण आणि वारा किराण्यासारखे रोज थोडं थोडं खातात, म्हणून पुढचा प्रत्येक डोंगर बुटका. तीस मीटरवरून सुटलेली गाडी तळाशी ताशी सत्त्याऐंशी किलोमीटरच्या आसपास जाते. घर्षण धरलं तर जरा कमी. ते त्याला पटलं. मग त्याची शंका, "उलटं झाल्यावर पडंल की गं!" पडत नाही, कारण चाकं फक्त रुळाच्या वर नसतात. बाजूलाही असतात, खालूनही असतात. गाडीनं रूळ मुठीत धरलेला असतो.

खरी मजा लूपची, म्हणजे गाडी उलटी होऊन फिरते त्या वळशाची. मी वाटी उपडी ठेवून गोल काढला. वर्षानुवर्षं तसाच काढत आले, आणि तो चुकीचा आहे हे कॉलेजात गणित करताना कळलं. पक्का गोल असेल आणि गाडीला टोकावरून कशीबशी पार व्हायचं असेल, तरी तळाशी शिरताना वजन सहापट लागतं. माझे अठ्ठावन्न किलो जवळजवळ साडेतीनशे! एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडला असला गोल लूप बांधला होता, लोकांच्या माना अवघडायच्या. कॅलिफोर्नियात १९७६ साली श्वार्झकॉफ यांनी रिव्होल्यूशन नावाची रोलर कोस्टर बांधली, तिचं गणित वेर्नर श्टेंगल यांचं. त्यांनी लूप वर आवळला, खाली सैल सोडला. गाडी जोरात असते तिथं वळण मोठं, मंदावते तिथं लहान.

मी वाटी बाजूला ठेवून हातानं काढायला लागले, पण बाक येईना. आप्पा कॉटवर पडून बघत होते. उठले, चष्मा लावला, पेन्सिल घेतली. "काय काढायलीस, कोयरीच की ही. शेंडा खाली केलेली." आणि दोन चौकटी वर, एक आडवी, एक वर, एक आडवी, मग एक वर, दोन आडव्या असं करत टोकापर्यंत गेले. पायऱ्यापायऱ्यांचा बाक, पण लांबून बघितला तर अगदी गुळगुळीत. चाळीस वर्षं हेच केलंय त्यांनी. मला आजवर वाटायचं, कागद तेवढे त्यांचे, बाकी सगळं माझं.

खांब नंदीध्वजासारखे, जत्रेत मिरवतात त्या उंच काठ्यांसारखे हवेत, आणि तेवढेच, सातच, हा भाच्याचा हट्ट. सात खांबांवर तीस मीटरचा कोस्टर उभा राहत नाही, पण दिसतो झकास. ठेवले. उंचीही मी तीसच धरली, टोकावरून तळं दिसेल एवढी. तीनशेवरून काय दिसणार, ढगच.

झोपायला जाताना आप्पांनी कागद परत दिव्याखाली धरला.

"हे थांबतंय कुठं?"

ब्रेक काढलेच नव्हते. स्टेशनाआधी फक्त आठ चौकटी उरल्यात, त्यात एवढा वेग मारायचा म्हणजे दात पडतील. शेवटचा डोंगर खोडावा लागणार, आणि खोडरबर भाच्याच्या मुठीत आहे. तो झोपलाय.