तुम्ही विचारलंत म्हणून: हाड पाण्यातलं की जमिनीवरचं?

"सर, हाड तं हाडच असते न! ते जनावर पाण्यात राहत होतं का जमिनीवर, हे कसं काय समजते जी?" नागपुरात भूशास्त्र शिकवणाऱ्याला हा प्रश्न ठरलेला. वर्गातली मुलं विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले काका विचारतात. पंगतीत याचं उत्तर पुरं होत नाही, म्हणून इथे लिहितो.

नुसतं बाहेरून पाहिलं तर फसगत होते. पूर्व ग्रीनलंडमध्ये 36 कोटी वर्षांहून जुन्या खडकांत अकँथोस्टेगा नावाचा प्राणी सापडतो. चार पाय असलेल्या सगळ्यांत जुन्या प्राण्यांपैकी हा एक. पुढच्या पायाला आठ बोटं! पाय आहेत म्हणजे जमिनीवर चालत असणार, असंच कुणालाही वाटेल. डबकी आटली, मासे बाहेर सरपटले आणि त्यांना पाय फुटले, ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. जीवाश्मांच्या अभ्यासक जेनी क्लॅक यांनी 1987 साली ग्रीनलंडहून भरपूर हाडं आणली आणि या गोष्टीला तडा गेला. त्याच अकँथोस्टेगाला माशासारखे आतले कल्ले होते, शेपटीला पर होता. म्हणजे पाय आले ते पाण्यातच. जमीन पुढची.

मग जमिनीवर तो कधी, किती जात होता? ते सांगायला हाडाच्या आत शिरावं लागतं.

हाडाचा तुकडा रेझिनमध्ये बसवायचा, हिऱ्याच्या पात्याच्या करवतीने त्याची चकती काढायची, ती काचपट्टीवर चिकटवायची आणि कार्बोरंडमच्या पुडीत पाणी घालून घासत बसायचं. मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून पातळ झाली की उजेड आरपार जातो. मधेमधे उचलून खिडकीकडे धरून बघावी लागते. हात जरा जड पडला तर चकतीची बाहेरची कड निघून जाते, आणि जनावराची शेवटची वर्षं त्या कडेलाच असतात. स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवली की कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या रक्तवाहिन्यांच्या वाटा दिसतात, हाडाच्या पेशी जिथे बसल्या होत्या ती बारीक घरं दिसतात. पहिल्यांदा बघणारा विद्यार्थी बराच वेळ डोळा काढत नाही, आणि मीही त्याला उठवत नाही.

वाचायचं काय, तर रेषा. आलापल्लीच्या सागाच्या ओंडक्यावर जशी वर्षं मोजता येतात, तशीच इथेही. वर्षातल्या वाईट काळात वाढ थांबते आणि एक गडद रेष उमटते. आपल्या आजच्या बेडकांचं वयही त्यांच्या बोटाच्या हाडातल्या अशाच रेषांवरून काढतात. एक अडचण मात्र आहे. मधली पोकळी मोठी होत जाते तशा आतल्या, म्हणजे बालपणीच्या, रेषा खाल्ल्या जातात. त्यामुळे "निदान इतकी वर्षं" असंच म्हणावं लागतं. रेषांच्या मधल्या भागात रक्तवाहिन्या दाट असतील तर वाढ झपाट्याने झाली. विरळ असतील तर सावकाश.

अकँथोस्टेगाच्या बाबतीत सोफी सांचेझ आणि सहकाऱ्यांनी दंडाची हाडं न कापता हेच केलं. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉन नावाच्या प्रचंड यंत्रातल्या प्रखर क्ष-किरणांनी त्यांनी आतलं सगळं टिपलं आणि 2016 साली ते प्रसिद्ध केलं. एकाच जागी बरेच प्राणी एकदम मेले होते, ती ही हाडं. काही प्राण्यांचं वय निदान सहा वर्षं निघालं, आणि तरीही सगळे पोरसवदाच! वाढ अजून पूर्ण झालेली नव्हती. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांचा दंड कितीतरी काळ कूर्चाचाच, म्हणजे मऊ, लवचिक भागाचाच होता, हाड फार उशिरा धरलं. कूर्चाच्या दंडावर जमिनीवर अंगाचा भार पेलवत नाही. म्हणजे या प्राण्याचं लांबलचक बालपण पाण्यातच गेलं, तेही बहुधा कळपाने. एका दंडाच्या हाडातून बालपण कळतं, हे मला अजूनही थोर वाटतं.

पण लगेच सरळ शिडी मांडू नका: आधी सावकाश वाढणारे, मग वेगाने वाढणारे, मग जमीन. अमेरिकेतल्या आयोवात सापडलेला व्हॉटचीरिया हा चार पायांचा प्राणी अकँथोस्टेगानंतर काही कोटी वर्षांनी झाला. तो जवळपास दोन मीटरपर्यंत वाढायचा. 2022 साली त्याच्या मांडीच्या हाडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की लहानपणी तो झपाट्याने वाढत होता, आणि तरी राहत होता पाण्यातच, शिकारी म्हणून. ज्याची त्याची वाढीची रीत निराळी.

आणि हे सगळं फार लांबचं आहे असंही नाही. नागपूरच्या दक्षिणेला साधारण 60 मैलांवर मांगली आहे. नागपुरात मिशनरी म्हणून राहिलेल्या स्टीफन हिस्लॉप यांच्यामार्फत तिथल्या लाल खडकातली एक रुंद, चपटी कवटी लंडनला गेली आणि रिचर्ड ओवेन यांनी तिला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स हे नाव दिलं. रेल्वे नागपूरला पोचायच्याही आधीची ही गोष्ट. ज्यांच्या नावाचं कॉलेज इथल्या प्रत्येकाला माहीत आहे, तेच हे हिस्लॉप. त्यांच्या खडकांच्या वेडाबद्दल मात्र आपण फारसं बोलत नाही, याचं मला वाईट वाटतं. ब्रॅकिऑप्स अकँथोस्टेगाच्या दहा कोटींहून जास्त वर्षं नंतरचा, बेडकांच्या दूरच्या गोतावळ्यातला. त्याच्या कुळातले बहुतेक सगळे पाण्यात राहणारे. पण तो किती वर्षं जगला, उन्हाळ्यात त्याची वाढ थांबायची का, हे कवटीवरून सांगणं कठीण. त्याला दंडाचं किंवा मांडीचं हाड लागतं.

म्हणून त्या बाजूच्या शेतात, नाल्यात कुणाला हाडासारखा दगड दिसला तर उचलून घरी आणू नका. आहे तिथेच फोटो घ्या, जागा नोंदवा, आणि सेमिनरी हिल्सवरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयात कळवा. कोणत्या थरातलं आहे हे हरवलं की निम्मी माहिती जाते. आणि टोकं तुटलेली असली तरी "हे काय कामाचं" म्हणू नका. आम्हाला काप घ्यायचा असतो तो हाडाच्या मधल्या भागाचा. वाढीच्या रेषा सगळ्यांत जास्त तिथेच टिकतात.