फुल का रिकामी

दुपारी मिस्त्री येऊन गेला. मंगळवारी पहाटेची पुण्याची हुतात्मा एक्सप्रेस, त्याआधी चेतक स्कूटर नीट झाकून ठेवायची म्हणून बोलावला होता. त्यानं ती स्टँडवर चढवली, टाकीचं झाकण उघडून आत डोकावला आणि सहज विचारलं, "काका, किती महिने?"

एवढंच. पण तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय.

त्याचं बरोबरच होतं. महिना-दोन महिन्यांचा प्रश्न असेल तर टाकी गच्च भरायची. आत हवा उरत नाही, पत्र्याला गंज धरत नाही. त्याहून जास्त असेल तर सगळी रिकामी करून आत तेलाचा हात फिरवायचा. पंपावरच्या पेट्रोलात आता २० टक्के इथेनॉल. ते हवेतलं पाणी ओढतं, मग कार्बोरेटरचं बारीक भोक, जेट, तुंबतं. उसाच्या जिल्ह्यात राहायचं आणि उसानंच स्कूटर बसवायची! "फुल तरी करा, न्हाईतर रिकामी करू. अर्धी नको."

मला नेमकी अर्धीच हवी होती.

"चार," म्हणालो. का चार, देव जाणे. तो लगेच नळी शोधायला लागला. मी मनात बोटं मोजत बसलो. संक्रांत झाली, चार म्हणजे मे. मे महिन्यात सोलापुरात बेचाळीसच्या उन्हात कोण स्कूटर काढतं? मग जून. जूनमध्ये पाऊस. डॉक्टरांनी ऑपरेशननंतर सहा आठवड्यांत चालाल म्हणून सांगितलंय. किकचं मी विचारलंच नाही. ही शेजारी बसली होती.

अप्पांनी १९७६ साली नंबर लावला आणि गाडी दारात आली १९८४ साली. आठ वर्षं. त्यांना कुणी महिने विचारले नसतील. पण ते वाट बघत होते ती यायची. असो.

चेतकचं तेल मिसळलेलं पेट्रोल सूनबाईंच्या गाडीत चालत नाही, ते मिस्त्रीच्याच कॅनमध्ये गेलं. त्याआधी त्यानं पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन चालू ठेवलं, कार्बोरेटरमधलं उरलंसुरलं संपेपर्यंत. मिनिटभर नेहमीसारखी फटफटली. मग एकाएकी आवाज चढला, इतका की मला वाटलं, अरे, हिला तर काहीच झालं नाही. आणि गप्प. मिस्त्री म्हणाला, संपताना चढतोच, पेट्रोल कमी आणि हवा जास्त. मी म्हटलं, माहितेय.

मग प्लग काढून आत चमचाभर तेल सोडलं आणि किक हळूहळू चार-पाच वेळा दाबली. हातानं. प्लग नसला की दाब राहत नाही, लहान पोरगंही दाबेल. हे मला कळतं. तरी हातानं! चाळीस वर्षं ज्या किकवर मी उभा राहिलो, कधी कधी दहा-दहा वेळा, गल्लीतली पोरं मोजायची. मी आत जाऊन पाणी प्यायलो.

बाकीचं पटापट झालं. सायलेन्सरला फडक्याचा बोळा, उंदरांसाठी डांबरगोळ्या, टायरात जास्तीची हवा. मी प्लास्टिकचा कागद आणून ठेवला होता, तो त्यानं नको म्हटला. आत घाम धरतो म्हणे. मग हिनं पेटीतून मोराची जुनी चादर काढली. दोन्ही हँडलवर एक-एक मोर आला आणि मध्ये फुगवटा. कुणीतरी पांघरूण घेऊन बसल्यासारखं दिसतं. चादरीखालून दसऱ्याचा वाळलेला झेंडू अजून लोंबतोय, तो मी तोडला नाही.

तो बघूनच मला उत्तर सापडलं. जेवताना हिला म्हटलं, "दसऱ्याला काढू तिला, पूजेला." नऊ महिने. म्हटल्यावर बरं वाटलं, गड्ड्याच्या जत्रेला जाऊन भजी खावी इतकं बरं. आकडा मोठा असला तरी एकदाचा ठरला.

हिनं भाकरीवर शेंगाचटणी वाढली. "दसरा कशाला? पाडव्याला काय झालंय? गुढी उभारली की तिलाही हार घालू."

पाडवा म्हणजे दोन महिने. मग टाकी फुल करायला पाहिजे होती की.