आमची वाटचाल : गाणं आहे, पण सापडत नाही

नाशिकमधल्या भजनी मंडळांच्या, मंगल कार्यालयांच्या आणि घरोघरच्या कॅसेटी संगणकावर उतरवून देणे हे आमचे मूळ काम. सी-६० कॅसेट उतरवायला ६० मिनिटे लागतात, सी-९० ला ९०. त्यात घाई चालत नाही. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ अशी वेव्ह फाइल मिनिटाला साधारण १० एमबी जागा घेते. फ्लॅक या फाइल-प्रकारात ती बरीच आटते आणि आवाजाला धक्का लागत नाही. हे सगळे लवकर बसले. खरी अडचण फायली हजाराच्या पुढे गेल्यावर आली. संग्रह सांभाळणाऱ्या प्रणालीत गिऱ्हाईक नाव टाकते आणि पडद्यावर येते, ‘काही सापडले नाही’. गाणे मात्र तिथेच, चार ओळी खाली असते. तेव्हापासून आमचे निम्मे काम उतरवण्याचे आणि निम्मे काम गाणे हाती लागेल असे ठेवण्याचे झाले.

पहिली परीक्षा अगदी सोपी आहे आणि ती कुणालाही घरी करता येते. यादीतले नाव कॉपी करून शोधपेटीत चिकटवा. चिकटवल्यावर सापडले, पण हाताने टाइप केल्यावर सापडले नाही, तर दिसायला सारखी असलेली अक्षरे आतून वेगळी आहेत. चिकटवूनही सापडले नाही, तर प्रणाली ते रकानेच वाचत नाही किंवा तिची यादी जुनी आहे. मग फोल्डर पुन्हा वाचायला लावा. या दोन मिनिटांच्या तपासणीने कितीतरी वायफळ खटपट वाचते.

‘वारकऱ्यांची दिंडी’ हे लेबल घ्या. यातला ‘ऱ्या’ तीन प्रकारे साठवला जातो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असते. दुसऱ्यात साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब. तिसऱ्यात ‘र’, हलन्त आणि मागे झेडडब्ल्यूजे नावाचे न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही हुबेहूब एक दिसतात. काटेकोर प्रणाली मात्र अक्षराला अक्षर ताडून पाहते, त्यामुळे एका कीबोर्डवर टाइप केलेले लेबल दुसऱ्या कीबोर्डवरून शोधले की उत्तर शून्य. युनिकोड या अक्षरांच्या संगणकी मानकाचे एनएफसी प्रमाणीकरण, म्हणजे सारख्या रूपांना एका रूपात आणण्याची रीत, लावले की पहिली दोन रूपे एक होतात. तिसरे होत नाही, ते स्वतः बदलून घ्यावे लागते. इथे बरेच जण चुकतात : आधी सगळी अदृश्य चिन्हे पुसून टाकतात आणि लेबलावर ‘वारकर्यांची’ उमटते. म्हणून क्रम पाळा. आधी ‘र, हलन्त, जोडचिन्ह’ या त्रिकुटाच्या जागी ‘ऱ, हलन्त’ घाला, मगच उरलेली अदृश्य चिन्हे काढा.

अशीच गत ‘ॲ’ची. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आले. त्याआधीच्या याद्यांत ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवलेले असते आणि एनएफसी ही दोन रूपे जुळवत नाही. विसर्गाच्या जागी कोलन दिलेला तर रोज भेटतो : ‘दुःख’ आणि ‘दु:ख’. कोलन आला की प्रणाली शब्द तिथे तोडते, एकाचे दोन तुकडे होतात.

सुरुवातीला आम्ही लेबलेच ‘शुद्ध’ करत होतो. ही आमची चूक होती. कॅसेटच्या जे-कार्डवर, म्हणजे डबीतल्या छापील कागदावर, जे छापले आहे ते बदलले की मंडळाची माणसे त्या नावाला परकी होतात, आणि शोधणारा तरी शुद्धच लिहील याची खात्री कुठे आहे? आता प्रत्येक गाण्याला दोन नावे असतात. एक दाखवायचे, जसे छापले तसे. दुसरे न दिसणारे, ज्याला आम्ही दुकानात शोधरूप म्हणतो. शोधरूप करताना ‘ई’चा ‘इ’, ‘ऊ’चा ‘उ’ (वेलांट्या-उकारांसह), ‘ष’चा ‘श’, ‘ऱ’चा ‘र’ होतो. नुक्ता, चंद्र आणि विसर्ग गळतात. मराठी आणि इंग्रजी आकडे एक होतात. ‘सन्त’चा ‘संत’ आणि ‘सम्पूर्ण’चा ‘संपूर्ण’ होतो, पण पुढचे अक्षर त्याच वर्गातले असेल आणि स्वतः अनुनासिक नसेल तरच. नाहीतर ‘अन्न’ बिघडते. गिऱ्हाईक शोधपेटीत जे लिहिते त्यालाही अगदी हेच नियम लावायचे. एका बाजूला लावले आणि दुसऱ्या बाजूला विसरले, तर आधीपेक्षा वाईट अवस्था होते.

यात ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ एक होऊन बसतात, ‘दिन’ आणि ‘दीन’ही. चालते. यादीत एक ओळ जास्त आली तर डोळा ती ओलांडतो. हवी ती ओळ आलीच नाही, तर माणूस संग्रहावरचा विश्वास सोडतो. मात्र ‘ल’ आणि ‘ळ’, ‘न’ आणि ‘ण’ आम्ही एक करत नाही. काल-काळ, वेल-वेळ, मन-मण ही जोडपी मराठीत इतकी आहेत की यादी भरकटते.

मराठीचा दुसरा पेच विभक्तीचा. पूर्ण शब्द जुळला तरच दाखवणाऱ्या प्रणालीत ‘विठ्ठल’ लिहून ‘विठ्ठलाचे’ सापडत नाही. शब्दाची सुरुवात जुळली तरी पुरे, अशी सवलत असेल तर ती आधी चालू करा. तरीही ‘पंढरपूर’ लिहून ‘पंढरपुरात’ येत नाही, कारण दीर्घ ऊकार ऱ्हस्व झालेला असतो. तो शोधरूपाने सुटतो. आणि आपले ‘नाशिक’ तर ‘नाशकात’ होऊन वेलांटीच गमावते. त्यावर नियम नाही. अशा गावांच्या नावांची सामान्यरूपे हाताने लिहून ठेवावी लागतात.

अनेक संग्रह-प्रणाली पोटात एसक्यूलाइट ही माहिती साठवणारी यंत्रणा वापरतात, आणि तिच्या एफटीएस-५ या शोधयंत्राची एक खोड देवनागरीला फार त्रास देते. त्याची नेहमीची मांडणी अक्षरे आणि आकडे यांनाच शब्दाचा भाग मानते. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त यांना दोन शब्दांमधली मोकळी जागा समजते. त्यामुळे ‘माळ’चे ‘म’ आणि ‘ळ’ असे दोन तुकडे पडतात. ‘मेळ’ आणि ‘मूळ’ यांचेही तेच. माळ शोधा, तिन्ही येतात. उपाय एका ओळीचा आहे : शोधाचा तक्ता तयार करतानाच मात्राचिन्हांचे एमएन आणि एमसी हे दोन वर्ग शब्दात मोजायला सांगायचे. तक्ता आधीच झाला असेल तर तो नव्याने बांधावा लागतो. याच यंत्राची तीन-तीन चिन्हांचे तुकडे करणारी ट्रायग्रॅम पद्धतही आहे. ती शब्दाच्या मधले तुकडेही शोधते, पण तीनपेक्षा कमी चिन्हांच्या शब्दाला काहीच दाखवत नाही. ‘राम’ सापडतो, कारण त्यात काना धरून तीन चिन्हे आहेत. ‘मन’, ‘हर’, ‘वन’ नाही सापडत. भक्तिसंगीताच्या संग्रहात हे परवडण्यासारखे नाही, म्हणून अशा छोट्या शब्दांसाठी आम्ही शोधरूपावर साधी तुलना वेगळी चालवतो.

एमपी-३च्या टॅगांचे, म्हणजे फाइलमध्येच लिहिलेल्या गाण्याच्या माहितीचे, दुखणे जुने आहे. आयडी-३ या टॅग-पद्धतीच्या पहिल्या आवृत्तीत शीर्षकाला जेमतेम ३० बाइट मिळतात. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट खाते, म्हणजे दहा चिन्हे. ‘त्र्यंबकेश्वर’मध्ये तेरा आहेत. मग टॅगमध्ये ‘त्र्यंबकेश’ एवढेच उरते आणि पूर्ण नाव टाकणाऱ्याला रिकामा पडदा दिसतो. २.३ किंवा २.४ आवृत्तीचा टॅग लिहा आणि पहिल्या आवृत्तीचा पुसून टाका, नाहीतर काही प्रणाली जुनाच वाचत राहतात. टॅगमध्ये प्रश्नचिन्हांची रांग असेल तर मजकूर गेला, तो परत येत नाही. अगम्य रोमन अक्षरे असतील तर आशा आहे : तो बहुधा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर असतो. फॉन्ट ओळखला की रूपांतर होते, मात्र प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा.

नावांचे तर पाहायलाच नको. नाशकात १९२१ साली जन्मलेले गायक द. वि. पलुस्कर संग्रहांत डी. व्ही., दत्तात्रेय विष्णू, बापूराव, पलुसकर अशा किती रूपांत येतात! वडील विष्णू दिगंबर. त्यामुळे ‘विष्णू पलुस्कर’ शोधले की दोघांची सरमिसळ. इथे अक्षरांचे नियम उपयोगी नाहीत, पर्यायी नावांचा तक्ता लागतो, आणि तो माणसानेच भरायचा असतो. पं., उ., कै., ह.भ.प. या उपाध्या शोधरूपातून काढतो, ‘ह.भ.प.’, ‘ह. भ. प.’ आणि ‘हभप’ अशी तीन रूपे एकाच मंडळाच्या कॅसेटींवर सापडतात. रागांनाही हाच तक्ता : बागेश्री-बागेश्वरी, मालकंस-मालकौंस, वृंदावनी-बृंदावनी. मात्र ‘गोदावरी’ आणि ‘गंगा’ आम्ही जोडलेले नाहीत. नाशिककर ‘गंगेवर जाऊन येतो’ म्हणतो तेव्हा ती गोदाच, पण भजनातली गंगा दर वेळी आपलीच असेल असे नाही. म्हणून एक शोधले की दुसरी खाली सूचना म्हणून दिसते, एवढेच.

गीतकाराचा रकाना टॅगमध्ये असतो, पण पुष्कळ प्रणाली तो शोधात घेतच नाहीत. मराठी श्रोता तर गाणे कवीच्या नावाने मागतो. आम्ही ते नाव शेऱ्याच्या रकान्यातही उतरवतो.

शोध सैल करायचा तो पायरीपायरीने. आधी जसेच्या तसे. नाही सापडले तर शोधरूप, मग शब्दांचा क्रम सोडून, मग एक शब्द वगळून, आणि अगदी शेवटी चुकीच्या अक्षराला माफी. ही माफी आधीच दिली तर ‘राम’ मागणाऱ्यासमोर काम, नाम, दाम, श्याम उभे राहतात. तीन अक्षरांपर्यंत माफी नाही, चार ते सहाला एक, त्यापुढे दोन. आणि मोजणी सुट्या चिन्हांची नाही, आपण बाराखडीत म्हणतो त्या अक्षरांची. निकाल कोणत्या पायरीवर मिळाला हे वर लिहिलेले असते, म्हणजे शोधणाऱ्याला कळते की हे अगदी मागितलेलेच आहे की जवळचे आहे.

रोमन लिपीतून शोधणारे अजून पुरते सांभाळले गेलेले नाहीत. ‘ज्ञानेश्वर’ची सुरुवात कुणी डी-एन, कुणी जे-एन, कुणी जी-वाय अशी करतो. ही तिन्ही रूपे तक्त्यात आहेत, पण ‘ळ’ला रोमनमध्ये स्वतंत्र जागाच नाही. दर शनिवारी शून्य निकाल मिळालेल्या शब्दांची यादी काढून आम्ही एकेक तपासतो. त्यात सर्वांत जास्त वेळ याच ‘ळ’ला जातो.

संग्रह आमच्याकडे देताना फायलींची नावे बदलू नका, आणि जे-कार्डे फाटकी असली तरी सोबत आणा. पेनाने केलेल्या खुणांसकट.