पिल्लाला किती फिरवायचं आणि पट्ट्याची सवय कशी लावायची

कुत्र्याचं दोन महिन्यांचं पिल्लू घरी आलं की पहिल्याच आठवड्यात दोन प्रश्न ठरलेले असतात. कोल्हापुरात रंकाळा तलावावर फिरायला कधीपासून न्यायचं? आणि संध्याकाळी घरभर धुमाकूळ घालतंय, तर पळवून दमवायचं का?

आधी दुसऱ्याचं उत्तर. दमवू नका. या वयात पिल्लाला दिवसाला १८ ते २० तास झोप लागते आणि घरात पोरंबाळं असली की ती मिळत नाही. संध्याकाळी सात-आठच्या सुमारास पिल्लू पिसाटल्यासारखं पळतं, पायाला चावतं, पडदे ओढतं, ते बहुतेक वेळा झोप कमी पडल्यामुळं. अशा वेळी चेंडू फेकून पळवलं तर आणखी चेकाळतं. अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात त्याच्या अंथरुणावर चावायचं खेळणं देऊन ठेवा. बरीच पिल्लं दहा-पंधरा मिनिटांत आडवी होतात.

जास्त पळवू नये यामागं हाडांचं कारण आहे. वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चेचा थर असतो, तिथूनच हाड लांबीनं वाढतं. लहान जातींत हा थर साधारण ८ ते १० महिन्यांत पक्क्या हाडात बदलतो, लॅब्रॅडोर किंवा जर्मन शेफर्डमध्ये १२ ते १५ महिने लागतात आणि ग्रेट डेन, सेंट बर्नार्डसारख्या थोराड कुत्र्यांत दीड वर्षसुद्धा. तोवर त्या जागी जोराचा किंवा पुन्हा पुन्हा तोच मार बसला तर पाय वाकडा वाढू शकतो.

मग किती फिरवायचं? वयाच्या प्रत्येक महिन्याला ५ मिनिटं, दिवसातून एक-दोनदा, हा हिशोब बहुतेकांनी ऐकलेला असतो. म्हणजे तीन महिन्यांच्या पिल्लाला १५ मिनिटं, सहा महिन्यांच्या पिल्लाला अर्धा तास. यामागं भक्कम संशोधन नाही, पण अंदाज म्हणून तो चांगला आहे, कारण माणसाचा कल नेहमी जास्त चालवण्याकडे असतो. फक्त तो लावायचा कुठं हे समजून घ्या. ही मिनिटं पट्टा लावून, आपल्या चालीनं, सरळ रस्त्यावर चालण्याची आहेत. अंगणात स्वतःच्या मर्जीनं हुंगणं, लोळणं, दमलं की बसणं, हे त्यात धरायचं नाही. ते भरपूर हवं.

नॉर्वेत चार मोठ्या जातींच्या पिल्लांवर झालेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या तीन महिन्यांत रोज जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या पिल्लांत खुब्याच्या सांध्याचा विकार जास्त आढळला आणि मऊ, थोड्या उंचसखल जमिनीवर मोकळं खेळलेल्या पिल्लांत कमी. आपल्याकडे हे नेमकं उलटं होतं. पिल्लू दुसऱ्या मजल्यावर राहतं, दिवसातून चार वेळा जिना उतरतं आणि मोकळी माती त्याला दिसतच नाही. तीन महिन्यांपर्यंत जिन्यावर उचलूनच न्या. एक हात छातीखाली, एक हात ढुंगणाखाली. गुळगुळीत टाइल्सवर पळताना मागचे पाय फाकतात, म्हणून खेळण्याच्या जागेत सतरंजी नको (ती सरकते), रबरी मॅट टाका. आणि ॲक्टिवाच्या फूटबोर्डवरून किंवा सोफ्यावरून उडी मारू देऊ नका. अशा उडीत सगळं वजन पुढच्या दोन पायांवर येतं.

आता रस्त्याचा प्रश्न. पार्व्हो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजारांची लस सहाव्या-आठव्या आठवड्यापासून सुरू होते आणि शेवटचा डोस १६ आठवड्यांच्या सुमारास पडतो. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर. पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. जिथं भटकी कुत्री बसतात-उठतात तिथं, म्हणजे रंकाळ्याच्या चौपाटीवर किंवा पंचगंगेच्या घाटावर, लसी पूर्ण होऊन आठवडा-दोन आठवडे जाईपर्यंत पिल्लाला खाली सोडू नका.

पण घरात कोंडूनही ठेवू नका, ही चूक तितकीच महाग पडते. तीन ते साधारण चौदा आठवडे या काळात पिल्लू जे पाहतं-ऐकतं ते त्याला नेहमीचं वाटू लागतं. तेव्हा कडेवर घेऊन बाहेर पडा. बिंदू चौकाच्या कडेला पाच मिनिटं उभं राहा, लक्ष्मीपुरीतला गोंगाट लांबून ऐकू द्या, रिक्षा, हातगाडी, हेल्मेट घातलेला माणूस, शाळेतून सुटलेली पोरं दाखवा. प्रत्येक नवीन गोष्टीबरोबर खाऊचा एक तुकडा. शेपूट पायात घातली, खाऊ नाकारला, की अंतर वाढवा. गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीसमोर घेऊन उभं राहिल्यानं सवय होत नाही, आयुष्यभराची धास्ती बसते.

पट्टा मात्र पहिल्या आठवड्यापासून घरातच शिकवायचा. साखळी नको. ती जड असते आणि पिल्लू चावलं तर दातांना इजा होते. हलका नायलॉनचा किंवा कापडी पट्टा घ्या, अर्धा इंच रुंद, पाच-सहा फूट लांब, फिरत्या हुकाचा. गळपट्ट्यात दोन बोटं सैल आत जावीत. पिल्लू झपाट्यानं वाढतं, म्हणून दर आठवड्याला हे तपासा. पग, पोमेरेनियनसारख्यांना हार्नेस बरा, कारण गळ्यावर ताण आला की श्वासनलिकेला त्रास होतो. हार्नेसचा पुढचा भाग इंग्रजी वाय अक्षरासारखा असावा. छातीवर आडवी पट्टी असलेला खांद्यांची हालचाल अडवतो. आपोआप आत ओढला जाणारा पट्टा तर घेऊच नका. त्यात ओढलं की दोरी वाढते, म्हणजे पिल्लाला ओढायचंच शिक्षण मिळतं.

पहिले दोन-तीन दिवस फक्त गळपट्टा, तोही जेवताना आणि खेळताना. खाजवत बसलं तर लक्ष देऊ नका. मग पट्टा अडकवून, तुमच्या नजरेखाली, घरात मोकळा ओढू द्या. टेबलाच्या पायात अडकणार नाही एवढं बघा. पिल्लू पट्टा विसरलं की टोक हातात घ्या, पण ओढू नका, ते जाईल तिकडं मागं जा. त्यानंतर खरा धडा सुरू होतो. पिल्लू डावीकडे, पट्टा उजव्या हातात, खाऊ डाव्या हातात. एक पाऊल टाका. पिल्लू बरोबर आलं की "शाब्बास" म्हणा आणि तुकडा तुमच्या डाव्या मांडीच्या शिवणीला हात टेकवून द्या. हात पुढं करून दिला तर पिल्लू वळून तुमच्यासमोर येतं आणि पायात घोटाळतं. बऱ्याच जणांचं इथंच बिघडतं. पावलं वाढवताना चढता क्रम नको, एक, तीन, दोन, पाच, पुन्हा एक, असं ठेवा. एका वेळी दोन-तीन मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. घरात, मग गच्चीवर, मग अंगणात, शेवटी पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर. घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा.

खाऊ म्हणजे मीठ-मसाला न घातलेलं उकडलेलं चिकन, तुरीच्या दाण्याएवढे तुकडे, किंवा पनीर. तेवढं त्याच्या जेवणातून वजा करा. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यातला मटणाचा तुकडा लाडानं देऊ नका, कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो.

पिल्लू ओढायला लागलं की जागच्या जागी थांबा. हिसका नाही, ओरडणं नाही. पट्टा सैल होईपर्यंत थांबायचं, सैल झाला की लगेच पाऊल. सुरुवातीला दहा मिनिटांत पन्नास फूटही जाणं होणार नाही आणि ते चालेल. या नियमात एकदा सूट दिली, उशीर झालाय म्हणून ओढत जाऊ दिलं, तर पिल्लू शिकतं की जास्त वेळ ओढलं की जमतं. घाई असेल त्या दिवशी चालवूच नका, उचलून न्या.

बसून राहिलं तर फरफटत नेऊ नका. आधी कारण शोधा: गळपट्टा घट्ट आहे का, पंज्यात काटा आहे का, रस्ता तापलाय का, पुढं कुत्री आहेत का? बाजूला तोंड करून खाली बसा आणि वाट पहा. पट्टा चावत असेल, विशेषतः चार ते सहा महिन्यांत दात पडत असताना, तर ओढाओढी करू नका. त्याला तो खेळ वाटतो. पट्टा सैल सोडा, तोंडात दुसरं खेळणं द्या.

भटकी कुत्री समोर आली तर वळून जा, पिल्लाला आणि त्यांच्यामध्ये स्वतः राहा. चावलं तर, तुम्हाला किंवा पिल्लाला, साबण लावून १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली जखम धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

एप्रिल-मेमध्ये डांबरावर तळहाताची मागची बाजू टेकवा. सात सेकंद ठेवता आली नाही तर पिल्लाचे पंजे भाजणार. पावसाळ्यात बोटांच्या फटी पुसून कोरड्या करा, गोचीड तपासा आणि साचलेलं पाणी पिऊ देऊ नका. त्यात उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस (लेप्टो) हा आजार येतो. २०१९ आणि २०२१ ला ज्या भागांत पुराचं पाणी शिरलं होतं तिथल्या लोकांनी तर पिल्लाला लेप्टोची लस डॉक्टरांशी बोलून जरूर द्यावी.

आपल्या भागात कारवान या सडपातळ शिकारी जातीची कुत्री बरीच आहेत, त्यांच्याबद्दल एक वेगळी गोष्ट. त्यांचं डोकं मानेपेक्षा फारसं रुंद नसतं, त्यामुळं साधा गळपट्टा मागं सरकून सहज निसटतो. त्यांना ताण आल्यावर मर्यादेतच आवळणारा मार्टिंगेल पट्टा किंवा चांगला हार्नेस लागतो, आणि कुंपण नसलेल्या जागी मोकळं सोडायचं नाही. ससा दिसला की हाक ऐकू येत नाही त्यांना.

मोटरसायकलला बांधून पळवणं कुठल्याच पिल्लाला नको. कुत्रं थांबू शकत नाही, म्हणून दमल्याचं दाखवतही नाही. चालताना मागं रेंगाळणं, वारंवार बसणं, झोपेतून उठल्यावर पाय आखडून चालणं, यातलं काही दिसलं तर दोन दिवस फिरणं बंद ठेवा. २४ तासांनंतरही लंगडत असेल तर घरगुती मालिश न करता, माणसाची वेदनाशामक गोळी न देता, डॉक्टरांकडे न्या.