अकेडियाच्या किनारी रस्त्यावर

अमेरिकेच्या मेन राज्यातील अकेडिया राष्ट्रीय उद्यान आज आम्ही दोघांनी खासगी गाडी करून पाहिले. चालक स्वतःच वाटाड्या असल्यामुळे सुमारे ४३ किलोमीटरच्या पार्क लूप रोडवर कुठे उतरायचे आणि कुठे नुसते काचेतून पाहायचे, हे आम्ही निर्धास्तपणे त्यांच्यावर सोपवले होते.

थंडर होलला त्यांनी भरतीच्या दीड तास आधी नेमके पोहोचवले. खडकातील अरुंद कपारीत लाट शिरली की आत कोंडलेली हवा दाबली जाते आणि गडगडाट होतो. आज मात्र समुद्र इतका शांत होता की बाटलीतून पाणी ओतल्यासारखी गुडगुड तेवढी ऐकू आली. (भिजण्याच्या भीतीने मी रेनकोट घालून उभी होते, हे वेगळे सांगायला नको.)

मला खरा रस वाटला तो झाडांत. १९४७ च्या ऑक्टोबरमधील वणव्यात उद्यानाचे दहा हजार एकरांहून अधिक रान जळाले आणि जिथे पूर्वी स्प्रूस व फरची सदाहरित दाटी होती, तिथे बर्च आणि अ‍ॅस्पेन उगवले. चालकांनी गाडी थांबवून दाखवली नसती, तर काळ्याभोर हिरव्याशेजारची ती फिकट, पांढऱ्या खोडांची झाडी मी सहज ओलांडून गेले असते.

कॅडिलॅक पर्वताच्या ४६६ मीटर उंच माथ्यासाठी गाडीचे आरक्षण आधीच केले होते. वर पोहोचलो तेव्हा धुक्यात समुद्र पूर्ण हरवला होता, म्हणून आम्ही पायाखालचा गुलाबी ग्रॅनाइट आणि त्यावरचे दगडफूल न्याहाळत बसलो.