मनगटावरची टिचकी

दुपारी जरा डोळा लागत होता तेवढ्यात मनगटावर टिचकी बसली. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता. कॉल कुणाचा ते घड्याळानेच सांगितलं. मी नाव वाचलं, काचेवर तळहात ठेवून त्याला गप्प केलं आणि कूस बदलली.

स्मार्टवॉचचं खरं सुख हे. पावलं, ठोके, ऑक्सिजन वगैरे घरच्यांना पटवण्यापुरतं. गंमत आहे ती फोन न उचलण्यात. ‘कोण आहे बघू’ म्हणून फोन हातात घेतला की पुढचा अर्धा तास कुठे जातो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. घड्याळावर जेमतेम चार ओळी मावतात. पाचवी वाचायचा आपल्यालाच कंटाळा येतो.

मनगटावर काहीतरी हवं ही हौस मात्र जुनी. लहानपणी आम्ही मनगटाला करकचून चावायचो. दातांचं गोल उमटलं की शर्टाला थुंकी पुसायची आणि बॉलपेनने आत काटे काढायचे. कुणी वेळ विचारली की रुबाबात हात वर करून मनाला येईल ती सांगायची. व्रण पुसट झाला की पुन्हा चावा. स्वतःचं घड्याळ बेताने, दुसऱ्याचं मात्र जोर लावून!

मग वर्गात एकाकडे कॅसिओचं कॅल्क्युलेटरवालं घड्याळ आलं. बटणं इतकी बारीक की पेन्सिलीच्या टोकाने दाबावी लागत. दोन अधिक दोनसुद्धा तो त्यावरच करायचा आणि चार दिसेपर्यंत आम्ही श्वास रोखून उभे.

आताचं घड्याळ हुशार खरं, पण त्याला पाय दिसत नाहीत. हाताचा झोका तेवढा कळतो. त्यामुळे टाळ्या वाजवल्या की पावलं वाढतात आणि ट्रॉली ढकलत तासभर भटकलं तर फुकट. बरं, ते दहा हजार पावलांचं खूळ आलं कुठून? १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच दहा हजार होते. आकडा गोल, लक्षात राहणारा. हे माहीत असूनही थोडी पावलं कमी पडली की मी रात्री या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या घालते.

भानगड झोपेची. रात्री चार्जिंगला लावलं तर झोप मोजली जात नाही, आणि हातात ठेवलं तर अंधारात पांघरुणाखालून तो हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं, त्यावरून ठोके कळतात म्हणे. कळू देत. सकाळी मी चांगली ताजीतवानी उठते, सवयीने मनगट बघते. तिथे लिहिलेलं असतं, ‘झोप अपुरी’.

की लगेच जांभई.